तुम्ही विचारलंच नाही

मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी मला गाठलं. "टीचर, तुम्ही जुनी गाडी घेतलीत ना? बघताना काय काय बघायचं ते जरा लिहून द्या की." त्यांच्या मिस्टरांनी इचलकरंजीत एक गाडी बघून ठेवली होती. मी वहीचं पान फाडलं, आठ-दहा मुद्दे खरडले. पान त्यांच्या हातात देताना लक्षात आलं, की खरी गोष्ट मी लिहिलेलीच नाही. ती त्या पानावर मावणारीही नव्हती. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं गाव कुरुंदवाड. पंचगंगा आणि कृष्णा जिथे एकमेकींना मिळतात, त्या संगमाजवळचं. इथल्या उर्दू शाळेत मी मराठी शिकवते. नव्या वाचकांसाठी एवढी ओळख पुरे. जुन्यांना माझं सगळं पुराण पाठ आहे.

अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. स्वतःची चारचाकी कधी घेतली नाही, तशी गरजही कधी वाटली नाही. निवृत्त झाले, साखर वाढली, डोळे अधू झाले आणि 2022 मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की किडन्या थकल्या आहेत. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस. शिरोळ, अर्जुनवाड करत कृष्णेचा पूल ओलांडला की मिरज. म्हटलं तर जवळ. पण चार तास मशीनवर काढलेल्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून आणता येत नाही, आणि एसटीच्या स्टँडवर उभंही करता येत नाही. भाड्याच्या गाडीला एका फेरीचे बाराशे रुपये. महिन्याच्या आठ-नऊ फेऱ्या. हिशोब तुम्हीच करा.

कर्ज काढायचं नव्हतं. व्याजाच्या वाटेला जायचं नाही हे आमच्या घरात ठरलेलं आहे. त्यावर मी पूर्वी लिहिलंय, काही वाचकांनी माझी चांगली हजेरीही घेतली होती. त्यांनी यावेळीही घ्यावी, पण आजचा विषय तो नाही. भिशीचे 1,20,000 होते. माझ्या बारीक पाटल्या मोडून 90,000 आले. पुण्याच्या धाकट्या भावाने 50,000 पाठवले. एकूण 2,60,000. एवढ्यात नवी गाडी येत नाही. वॅगनआरसारखी उंच बैठकीची, अब्बांना खाली वाकून शिरावं लागणार नाही अशी जुनी गाडी बघायची, असं ठरलं.

नोव्हेंबर 2023 मधली गोष्ट. एका मोठ्या शहरात जुन्या गाड्या विकणाऱ्या एजंटाकडे एक पांढरी गाडी असल्याचं कळलं. 2018 चं मॉडेल, 41,000 किलोमीटर, एकच मालक, किंमत 2,55,000. बाजारभावापेक्षा बरीच कमी. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण माणसाला स्वस्ताई दिसली की ती आपल्या नशिबाने आली आहे असंच वाटतं.

सोबत जयसिंगपूरचे मिस्त्री घेतले. त्यांनी पाचशे रुपये आणि वर चहा एवढंच मागितलं. अब्बाही निघाले. "मला दिसत नसलं म्हणून काय झालं, ऐकू येतंय की," म्हणाले. (अब्बा घरी दखनी बोलतात. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहितेय. त्याची चव काही यात येत नाही.)

एजंटाने आमचं स्वागत केलं ते मिस्त्रींचं. चावी त्यांच्याच हातात दिली. मी म्हटलं, गाडी मी घेणार आहे आणि चालवणारही मीच आहे. "हो हो मॅडम, तुम्ही बसा ना, एसी लावलाय," असं म्हणून तो पुन्हा मिस्त्रींशी बोलू लागला. मिस्त्रींनी चावी मुकाट्याने माझ्याकडे दिली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. थोडा वेळ ठेवून म्हणाले, "इंजिन गरम हाय."

"तुमच्यासाठीच बाहेर काढून लावली सर."

मिस्त्री काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला सांगितलं ते मी बाईंच्या पानावर पहिल्या क्रमांकाला लिहिलं: गाडी बघायला जाल तेव्हा आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं, आम्ही आल्यावर सुरू करा. थंड इंजिन खरं बोलतं. सुरू व्हायला किती कुरकुरतं, सुरू होताना मागून धूर येतो का, निळसर येतो का (म्हणजे ऑइल जळतंय), पांढरा येऊन थांबतच नाही का (म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरतंय), हे सगळं पहिल्या मिनिटात कळतं. गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे आदल्या दिवशी पढवून ठेवलेला वर्ग. तपासणीसाहेब आले की सगळे हात वर.

वर्गावरून आठवलं. मिस्त्री खाली वाकून काहीतरी बघत होते तोवर मी सर्व्हिसचं पुस्तक चाळलं. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण वह्या मी एकवीस वर्षं तपासतेय. पाच वर्षांत सहा नोंदी. सहाही एकाच निळ्या जेल पेनने. एकच तिरकस अक्षर, आणि शेवटच्या नोंदीपर्यंत शाई हळूहळू फिकी होत गेलेली, कारण रिफिल संपत आली होती. जूनच्या 'पहिला पाऊस'पासून फेब्रुवारीच्या 'आमचं स्नेहसंमेलन'पर्यंतचे निबंध एका रात्रीत लिहून आणणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. ती वही कशी दिसते हे मला बरोब्बर माहीत आहे. म्हणजे 41,000 या आकड्याला काही अर्थ उरला नव्हता. मग पायाशी पाहिलं. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेलं होतं. चाळीस हजारांत रबर इतकं झिजत नाही, हे अब्बांनी पेडलला नुसतं बोट लावून सांगितलं.

तरी चालवून बघू म्हटलं. एजंट मागे बसला, पुढे हात घालून त्याने गाणी लावली. अब्बा माझ्या शेजारी. त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि गाणं बंद केलं. "एसी पण बंद कर, काचा खाली घे." ड्युटीवर निघण्याआधी ते गाडीभोवती एक चक्कर मारायचे, लोखंडी दांडक्याने प्रत्येक टायरवर ठोका द्यायचे आणि कान देऊन ऐकायचे, हे मी लहानपणी डेपोत पाहिलंय. तसंच आता मान किंचित कलती करून बसले होते.

गाडी बरी चालली. इंजिनाला ओढ होती, गिअर पडत होते, ब्रेक सरळ लागत होता. खरं सांगते, मला ती आवडली होती. जेल पेनचा मी मनातल्या मनात खुलासाही करून टाकला होता: हरवलं असेल मूळ पुस्तक, कोणीतरी उतरवून काढलं असेल.

मग वास आला.

गाडीत अत्तरासारखा दाट वास मारलेला होता. आमच्याकडे अत्तर नवं नाही, ईदला घर दरवळतं. पण अत्तर कशासाठी लावलंय हे अत्तर लावणाऱ्यांना कळतं. मी काचा वर केल्या, एसी न लावता नुसता पंखा सुरू केला आणि त्याचा काटा गरमवर नेला. एजंट म्हणाला, "मॅडम, थंडीला अजून वेळ आहे." मिनिटाभरात जाळीतून गरम हवेबरोबर तो आला. ओलं पोतं, कुजलेलं गवत आणि नदीचा गाळ. मी गाडी बाजूला घेतली.

ज्यांच्या घरात पूर आलेला नाही त्यांना हा वास मला समजावून सांगता येणार नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही परत आलो तेव्हा दार उघडल्यावर आधी डोळ्यांना काही दिसलंच नाही, हा वास दिसला. गाद्या जाळल्या, भिंतींना दोनदा चुना दिला, कपाटं उन्हात टाकली, तरी पुढची दोन वर्षं पावसाळी हवा सुटली की तो भिंतीतून बाहेर यायचा. मग 2021 चा पूर आला आणि पुन्हा पहिल्यापासून.

गाडीचा नंबर एमएच-08 होता. रत्नागिरी जिल्हा. जुलै 2021 मध्ये चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं, रस्त्यावरच्या गाड्या खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढलेल्या सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या. त्या गाड्या पुढे कुठे जातात याचा मी कधी विचार केला नव्हता.

मिस्त्री मागून रिक्षाने आले. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा हळूहळू पूर्ण बाहेर ओढला. रोजच्या वापरात पट्टा जेवढा बाहेर येतो तेवढा स्वच्छ होता, धुतलेला. पण अगदी शेवटची वीतभर, जी नेहमी गुंडाळीच्या आत असते, तिच्यावर तपकिरी रेघ होती. पाण्याची. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे तशीच. मग सीट पुढे सरकवून खालचे बोल्ट पाहिले: गंजलेले. डिकीतलं जादा चाक उचललं, त्याच्या खोबणीच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ बोटाने खरवडून निघाला. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस 20 टक्के. पहिल्याच मालकाच्या नावावर असलेल्या 2018 च्या गाडीने कधीच विमा मागितला नसता, तर पाचव्या वर्षानंतर तो 50 टक्के असायला हवा. म्हणजे मध्ये केव्हातरी विम्याचे पैसे घेतलेले होते. हे गणित मिस्त्रींचं. मी फक्त हातचे मोजले.

पुरातल्या गाडीचं दुखणं लगेच कळत नाही, हे त्यांनीच समजावलं. इंजिन उघडून धुता येतं. पण वायरींच्या जोडांत, सेन्सरमध्ये, एअरबॅगच्या यंत्रणेत शिरलेला ओलावा आतल्या आत गंज धरत राहतो. गाडी सहा महिने नीट चालते आणि एखाद्या रात्री कृष्णेच्या पुलावर दिवे घालवून बसते. शेजारी डायलिसिस करून आलेला माणूस.

मी एजंटाला विचारलं, "ही गाडी पुरातली आहे, तुम्ही सांगितलं का नाही?"

तो अजिबात ओशाळला नाही. रागावलाही नाही. अगदी साधेपणाने म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचारलंच नाही."

मी त्याच्यावर तोंडसुख घ्यायला हवं होतं. मिस्त्री माझ्याकडे बघत होते, शाळेच्या बाई आता काय बोलतात म्हणून. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. कारण हे वाक्य माझं होतं.

आता इथे मला चार वर्षं मागे जावं लागेल. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही जयसिंगपूरला नातेवाइकांकडे गेलो. माझी स्कूटर दाराच्या पायरीवर राहिली आणि आठवडाभर पाण्याखाली होती. नंतर ती धुतली, ऑइल बदललं, प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये मी ती विकली. घर पुन्हा उभं करायचं होतं, भांडी होती पण ठेवायला फळी नव्हती, अशी अवस्था. घ्यायला आलेला मुलगा सीमेपलीकडच्या एका गावचा होता. पाव-टोस्ट दुकानांना पोचवायचा धंदा सुरू करणार होता. त्याने एक चक्कर मारली. ॲव्हरेज किती देते, विचारलं. कागद बघितले. म्हणाला, "टीचर, इंजिनाचं काही काम नाही ना?"

मी म्हणाले, "ऑइल नुकतंच बदललंय."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. व्याकरणात बसणारं, पुराव्याने सिद्ध करता येणारं. त्याने 18,000 रुपये मोजले. अब्बा बाजेवर बसून ऐकत होते, तेही काही बोलले नाहीत. रात्री मी स्वतःहूनच म्हणाले, "त्याने पुराचं विचारलंच नाही." अब्बा म्हणाले, "हूं."

डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला होता. गाडी सकाळी सुरू होत नाही, मध्येच दिवे जातात, काय असेल? मी म्हटलं, तिकडच्या एखाद्या चांगल्या मेकॅनिकला दाखव. पुन्हा फोन आला नाही. मी सुटले असं मला वाटलं.

एजंटाकडून परत येताना मिस्त्रींना जयसिंगपूरला सोडल्यावर भाड्याच्या गाडीत आम्ही दोघंच राहिलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. शिरोळ मागे पडल्यावर अब्बा म्हणाले, "स्कूटर आठवली ना?" मी हो म्हटलं. "मलाही," म्हणाले.

सातवीच्या वर्गात मी एक प्रसंग दरवर्षी सांगते. मदिनेच्या बाजारात धान्याचा ढीग लागलेला असतो. पैगंबर मुहम्मद (स.) त्या ढिगात हात घालतात, तर बोटांना ओल लागते. विक्रेत्याला विचारतात, हे काय? तो सांगतो, पावसाने भिजलं. मग ते भिजलेलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं ते त्याला म्हणतात. आणि फसवणारा माझ्यातला नव्हे, असंही. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे. मी तो इतक्या वेळा सांगितला होता की मला त्यातला पाऊस दिसायचा बंद झाला होता. त्या विक्रेत्याने पाणी घातलं नव्हतं. पाणी वरून आलं होतं. त्याचं नुकसान झालं होतं, आमच्यासारखंच. त्याने फक्त सुकं धान्य वर ठेवलं, एवढंच. आणि ढिगाला त्याआधी कोणी काही विचारलं होतं, असं त्या प्रसंगात कुठेच नाही.

फिकहमध्ये, म्हणजे आमच्या धर्मशास्त्रात, याला पूर्ण प्रकरण आहे. 'खियार-ए-ऐब' म्हणतात: मालात लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडायचा हक्क. दोष सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी. विचारलं नाही ही सबब तिथे चालत नाही.

माझा भाचा वकिली शिकतोय. त्याला मी हे सगळं सांगितलं, स्कूटरचं सोडून. त्याने मला भारतीय करार कायदा, 1872 यातलं कलम 17 दाखवलं. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नाही, असं त्यात म्हटलंय. बोलणं हे कर्तव्यच असेल तर गोष्ट वेगळी. खाली उदाहरण आहे. अ हा ब ला लिलावात घोडा विकतो, घोडा धड नाही हे अ ला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. माझ्या छातीवरचा दगड जरा हलला. पण लगेच पुढचं उदाहरण होतं: घेणारी ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र घोडा धड नाही हे सांगणं अ चं कर्तव्य ठरतं.

मी ते पान दोनदा वाचलं. घोडा तोच, दोषही तोच. फरक फक्त समोर कोण उभं आहे याचा. तो पाववाला मुलगा मला टीचर म्हणाला होता. टीचर म्हटल्यावर त्याने इंजिनाला हातही लावला नव्हता, कारण टीचर खोटं बोलत नाहीत.

असो. गाडीची गोष्ट पुरी करते.

जानेवारीत एका निवृत्त मुख्याध्यापकांची गाडी विकायची असल्याचं कळलं. शिरोळ तालुक्यातलेच. उंच बैठकीची, 2016 ची, चंदेरी. फोनवर मी सांगायच्या आधीच गुरुजी म्हणाले, "सकाळी या, मी आदल्या संध्याकाळपासून हात लावत नाही." आम्ही पोचलो तेव्हा बॉनेटवर दव होतं. गुरुजींनी चहाआधी एक कागद पुढे केला. मोत्यासारख्या अक्षरात सहा मुद्दे: क्लच प्लेट वर्षभरात बदलावी लागेल. मागचा डावा दरवाजा फाटकाला घासला होता, रंगवून घेतला आहे. थंड असताना तिसरा गिअर अडकतो. मागचे टायर 2019 चे. एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो. डावा आरसा विजेवर हलत नाही, हाताने हलवावा.

मी जन्मात कोणाच्या घरी गाडी बघायला गेले नव्हते ते दोन महिन्यांत सात ठिकाणी गेले होते. असा कागद पहिल्यांदाच पाहिला.

तरी मिस्त्रींनी काही सोडलं नाही, आणि गुरुजींना त्याचा राग आला नाही. थंड इंजिन सुरू केलं: दोनदा खाकरलं, धूर नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहिलं. तिथे दुधाळ फेस असेल तर पाणी आणि ऑइल एक झालेलं असतं, तसं नव्हतं. टायरवरचे चार आकडे वाचायला मला शिकवलं. 2219 म्हणजे 2019 चा बाविसावा आठवडा. कागदावर लिहिलं होतं तेच निघालं. चावी अर्धी फिरवली तेव्हा डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि इंजिन सुरू झाल्यावर एकेक करून विझले. हे मी बाईंच्या पानावर ठळक लिहिलंय. दिवा विझला पाहिजे, पण त्याआधी तो लागलाही पाहिजे. बिघाडाचा दिवा सतत जळतो म्हणून काही लोक तो बल्बच काढून टाकतात. मग हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, क्लच हळूहळू सोडला. क्लच दणकट असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. इथे ते जरा रेंगाळून बंद पडलं. "क्लच दमलाय," मिस्त्री म्हणाले. "लिहिलंय मी," गुरुजी म्हणाले.

चालवायला मी बसले. शेजारी अब्बा, मागे मिस्त्री आणि गुरुजी. गुरुजींनी रस्ता स्वतःहून खराब निवडला. ऊस वाहून वाहून ट्रॅक्टरांनी खड्डे पाडलेला. खड्ड्यांतून हळू, मग गतिरोधक जरा जोरात, खालून खडखड नाही. शाळेच्या मैदानावर स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून गोल चक्कर, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, टकटक नाही. मोकळ्या रस्त्यावर हात किंचित सैल सोडून ब्रेक. गाडी सरळ थांबली. तिसरा गिअर पहिल्या दोन वेळा अडकला, मग लोण्यासारखा पडू लागला. नदीवरच्या पुलाच्या चढाला दुसऱ्या गिअरवर घेतली, थांबवली, पुन्हा उचलली. हे सगळं करताना माझ्या हाताला घाम सुटला होता. पाटल्या नसलेला तो हात मला सारखा दिसत होता.

अब्बा पूर्ण वेळ गप्प. परत येताना म्हणाले, "पन्नासवर ठेव. आता उजवीकडच्या वळणाला बघ." मी वळवली. "ऐकलंस? हूं हूं करतंय. डावीकडे वळताना जातं, उजवीकडे वळताना वाढतं. म्हणजे डावं पुढचं चाक. बेअरिंग."

मला काही ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी मागून मान पुढे काढली, कान दिला, पुढच्या वळणाला म्हणाले, "हाय की ओ. लई बारीक हाय."

घरी आल्यावर गुरुजींनी तो कागद माझ्याकडून परत मागितला. खिशातलं पेन काढलं, सातवा मुद्दा लिहिला: पुढचे डावे चाक, बेअरिंगचा आवाज. मग म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. याचे पैसे कमी करू." 2,40,000 ठरले होते, 2,37,000 वर आले. घासाघीस अशी झालीच नाही. मला तर वाटलं आपण दोन वेळा घासाघीस करून शंभर ठिकाणी जे वाचवतो ते इथे न मागता मिळालं.

कागदपत्रांत वेळ गेला, त्यात सांगण्यासारखं थोडंच. गुरुजींचं बँकेचं कर्ज फिटलं होतं, पण आरसी बुकावर बँकेचं नाव अजून चढवलेलंच होतं. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन ते उतरवलं, मगच मी पैसे दिले. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या. दंडाच्या चलनांची बाकी ऑनलाइन तपासली. गाडी नावावर होईपर्यंत तिची जबाबदारी मूळ मालकाचीच असते, म्हणून ज्यांना जुनी गाडी विकायची आहे त्यांनीही या सह्यांत आळस करू नये.

या फॉर्म 29 मुळेच पुढचं घडलं. आपली प्रत फाइलला लावताना स्कूटरची जुनी प्रत हाताला लागली. घेणाऱ्याचं नाव, गाव, सही. फाइल बंद केली. पुन्हा उघडली.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्या गावाला गेले. गाडीनेच. सोबत कोणाला घेतलं नाही. पाकिटात 6,000 रुपये होते. पुरात भिजलेल्या स्कूटरची तेव्हाची खरी किंमत मिस्त्रींना विचारली होती, ते बाराएक हजार म्हणाले. म्हणजे वरचे सहा माझे नव्हते. ते मी चार वर्षांपूर्वीच खर्चून बसले होते, बहुतेक फळीवर.

घर सापडायला वेळ लागला नाही. आता त्याचं छोटं किराणा दुकान आहे. पावाचा धंदा वर्षभरात बंद केला म्हणाला. गाडी सारखी बंद पडायची, पाव वेळेवर पोचायचे नाहीत, दुकानदारांनी दुसरा माणूस धरला. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी कशी आहे विचारलं तसं स्वतःचं कसं चाललंय ते सांगितलं. मला ओळखल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली होती.

मी सांगितलं. शाळेत बोलते तसं स्पष्ट बोलायचं ठरवून गेले होते, पण बरंच अडखळले. त्याला आधी कळेना मी कशाबद्दल बोलतेय. कळल्यावर तो हसला. "पुरातली होती होय ती! तरीच." पाकीट घ्यायला तयार नव्हता. "इतक्या वर्षांनी काय टीचर." त्याच्या बायकोने आतून येऊन ते घेतलं, पैसे मोजले, आणि बरं केलं.

मी विचारलं, "आता कुठे आहे स्कूटर?"

"दिली की. लॉकडाउनमध्ये. एका भाजीवाल्याला, नऊ हजाराला." मग त्याचं हसू जरा कमी झालं. हातातल्या चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "त्याने पण काही विचारलं नाही. मलाच कुठे माहीत होतं."

भाजीवाल्याचं नाव त्याला आठवत नव्हतं. बेळगावकडचा होता, एवढंच.

परत येताना मी काचा खाली घेतल्या होत्या. बेअरिंग अजून बदललेलं नव्हतं. पन्नासवर, उजवीकडच्या वळणाला, मलाही तो आवाज ऐकू आला.